पेग क्रोनिनला लांबच्या वाटेने नेलं

थेड क्रोनिनने मला शब्द दिला होता. त्याच्या आईची शवपेटी चुलीशेजारी ठेवलेली, बायका चहा ओततायत, आणि तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "गॉबनेट, तू निर्धास्त राहा. उद्या आईला मी मागच्या टेकडीवरून नेतो. रस्त्यावर आमच्यातलं चिटपाखरू दिसणार नाही." मी विसंबले त्या माणसावर. अक्कल गहाण ठेवली होती मी.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, इंग्रज माझ्या भावाला, फाख्टनाला, मॅक्रूमच्या छावणीतून कॉर्कला नेणार होते. फाशी द्यायला. लंडनला तहासाठी गेलेली आमची आयरिश माणसं सही न करता परत आली, तेव्हा धक्क्यावर बँड लावून त्यांचं स्वागत झालं. टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होते. मग इंग्रजांनी दुप्पट फौज उतरवली आणि लढाई पुन्हा पहिल्यापासून. त्या लढाईत फाख्टना बंदुकीसकट सापडला. बंदूक सापडली की फाशी, तिथे दुसरी बात नाही.

आमच्या भागातल्या लढणाऱ्या पोरांचा म्होरक्या कॉर्नी लूसी. त्याने बेत केला होता, आणि खोटं कशाला बोलू, चांगला केला होता. ग्लॅनार्डाच्या वळणावर एक मोठं बीचचं झाड आहे. ते जवळजवळ आरपार कापून दोराने तोलून धरायचं. लॉरी आली की दोर सोडायचा, झाड रस्त्यावर आडवं, आणि दोन्ही बांधांमागून बंदुका. एकच लॉरी, मोजके सोल्जर. फक्त रस्ता मोकळा हवा होता.

म्हणून तर मी थेडकडे गेले होते. क्रोनिनांच्या घरामागची टेकडी उतरली की दफनभूमी. पण आमच्याकडे मेलेल्याला जवळच्या वाटेने नेत नाहीत. जवळून नेलं तर लोक म्हणतात, ब्याद टाळली. जितका मान मोठा तितकी वाट लांबची. पेग क्रोनिन तर सगळ्या गावाची लाडकी, तिची लांबची वाट म्हणजे ग्लॅनार्डाचं वळण.

सकाळी आम्ही बांधामागे बसलो होतो. पोरांसाठी ब्रेड घेऊन गेले होते, ती तिथेच थांबले. कॉर्नी नको म्हणाला, मी ऐकलं नाही. लॉरीची वेळ होत आली आणि रस्त्यावरून आवाज यायला लागला. इंजिनाचा नव्हे, प्रार्थनेचा. "नमो मरिये, कृपापूर्णे..."

कॉर्नीचा चेहरा पांढराफटक पडला. वळणावरून आधी फादर केलेहर दिसले, मग पेटी, मग सगळा गाव. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. पेटीला पुढून खांदा दिलेला थेड, मान खाली घालून.

आणि आमच्या शूरवीरांनी काय करावं? सगळेच्या सगळे बांधामागून उठून उभे राहिले! डोक्यावरच्या टोप्या काढून! बंदुका काखेत, टोप्या छातीशी, आणि ओठांवर नमो मरिये.

"खाली बसा, मेल्यांनो!" मी ओरडले.

"हळू बोल गं," कॉर्नी म्हणाला. "मयत चाललीये."

तेवढ्यात लॉरीही आली. मयतीच्या मागून. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला तर शेजारच्या सार्जंटने त्याच्या हातावर फटका मारला. मग सार्जंटने स्वतःची टोपी काढली. लॉरी बैलगाडीसारखी मयतीच्या शेपटाला लागून हळूहळू चालू लागली. मागून उशिरा आलेली माणसं येत होती, ती तिच्या दोन्ही बाजूंनी चालायला लागली. बघता बघता इंग्रजांची लॉरी आमच्या माणसांच्या गराड्यात.

मी कॉर्नीची बाही धरली. "अरे, याहून काय हवं तुला? थांबल्यात जमा आहे ती. हात घातला तरी मिळेल."

"या गर्दीत गोळ्या झाडू? पोरं आहेत गं त्यात."

"गोळी नको झाडूस. दहा जण नुसते चढा. लोक आहेतच भोवती. ते काय करतील?"

"पेगच्या मयतीत?" तो असा बघायला लागला, जसं काही मी चर्चमध्ये थुंकले होते.

भीती नव्हती ती. भीती असती तर मी समजून घेतलं असतं. याच कॉर्नीने मागच्या हिवाळ्यात जळत्या चौकीत शिरून दोघांना बाहेर ओढलं होतं. पण पेटीसमोर गडबड करायची नाही म्हणजे नाही.

मी बांधावरून उडी मारली आणि थेट थेडला गाठलं. "शब्द दिला होतास तू."

"काय करू गं?" पेटीखालून तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "जूलिया मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, आईला मेलेल्या वासरासारखी मागच्या दाराने नेतोस काय? माझी मान खाली गेली."

"मग आता तरी ऐक. पेटी खाली ठेव. इथेच, रस्त्याच्या मधोमध. पेटीवरून लॉरी घालायची नाहीत ते."

"मधेच खाली टेकवू? आईला?"

"थेड, त्याला फाशी देणारेत रे!"

मागून जूलिया मावशीने माझा दंड धरला. "गॉबनेट, आवाज खाली. मेलेल्या माणसासमोर असं बोलतात का? आधी हिला मातीत जाऊ दे, मग बघू तुझ्या भावाचं."

"तोपर्यंत तो कॉर्कला पोचेल, मावशी!"

"शू," ती म्हणाली, आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढला. आसपासच्या बायकांनीही माझ्याकडे डोळे वटारले. माझ्या जिवाची नुसती लाही लाही झाली. शंभर माणसं, आणि एकालाही वाटेना की आज देव जरा थांबला तरी चालेल.

मी मागे पळाले. लॉरीच्या मागच्या फळीशी फाख्टना बसला होता, हात बांधलेले. शेजारचा सोल्जर कोवळा होता, बावरून भोवतीच्या गर्दीकडे बघत होता. मी बायकांत मिसळून फळीला लागून चालायला लागले. फाख्टनाने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

प्रार्थना म्हणतोय असं दाखवत तो आयरिशमधून बोलला. सोल्जरला काय कळणार होतं?

"अख्खा गाव आणलात! कॉर्नीच्या डोक्यातून निघालं हे? वाटलं नव्हतं हां. पेटीत किती बंदुका आहेत?"

मी फळीची कड धरून चालत राहिले.

"कधी करायचं ते सांग फक्त. मी तयार आहे."

"पेटीत पेग आहे," मी म्हटलं.

तो हसला. चेष्टा करतेय असं वाटलं त्याला. मग माझं तोंड बघितलं. मग पुढे बघितलं, त्या सगळ्या ओळखीच्या पाठींकडे, एकही पाठ वळत नव्हती. हसू हळूहळू गेलं.

"पेग गेली?" तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"फाख्टना, मी..."

"असू दे, गॉबी. आईला सांग, मी नीट जेवतोय."

दफनभूमीचा फाटा आला. पेटी डावीकडे वळली, माणसं तिच्यामागे वळली, आणि रस्ता मोकळा झाला. सार्जंटने पेटीला कडक सलाम ठोकला. लॉरीने वेग घेतला. मी धावले, पण कितीशी धावणार? मागे फादर केलेहरांनी नवी जपमाळ सुरू केली होती.

संध्याकाळी जूलिया मावशी केक घेऊन आली. म्हणाली, काही म्हण, इंग्रज असला तरी तो सार्जंट संस्कारी होता, टोपी काढून बसला. मी केक डुकरांना घातला, तिच्यादेखत.

त्याच आठवड्यात फाख्टनाला फाशी झाली. देह दिला नाही. तुरुंगाच्या आवारातच कुठेतरी पुरला, कुठे तेही सांगितलं नाही. आई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर तिघं आले. कॉर्नी, थेड आणि जूलिया मावशी. दारातच उभे. कॉर्नी हातातली टोपी कुरवाळत होता.

"आम्ही ठरवलंय," तो म्हणाला. "रिकामी का होईना, पेटी काढायची. फाख्टनाची. सगळ्यात लांबच्या वाटेने नेऊ, पार बालीव्होर्नीवरून फिरवून."

"पहिला खांदा माझा," थेड म्हणाला. त्याचे डोळे लाल होते.

"पेगच्या दुप्पट माणसं येतील बघ," जूलिया मावशी म्हणाली. "आसपासच्या सगळ्या गावांतून येतील. कुणी मागे राहायचं नाही."

खरंच आली असती. त्यात मला तिळमात्र शंका नाही. मनापासून बोलत होती ती तिघं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"मंगळवारी दहा पुरले असते," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.