पॉलिश लावलेली काटवट

मित्रांनो, मला परात म्हणू नका. पत्र्याच्या पराती दुकानात शंभर मिळतात. मी भाकरीचं पीठ मळायची जुनी काटवट आहे, बाभळीच्या एका ओंडक्यातून कोरून काढलेली. मैंदर्गीच्या सुतारानं मला आठ दिवस तासलं आणि सिद्रामप्पांनी नव्या सुनेसाठी बाजारातून डोक्यावर घेऊन आणलं. डोक्यावरून आलेली आहे मी, ध्यानात ठेवा.

ती सून म्हणजे काशम्मा. शाळा दुसरीपर्यंतच, पण ती बोलायला लागली की मास्तरसुद्धा गप्प बसायचा. पन्नास वर्षं तिनं माझ्यात ज्वारीचं पीठ मळलं. कढत पाणी ओतायची, तळव्यानं रगडायची. रगडून रगडून माझ्या पोटाला खळगा पडला आणि त्या खळग्यात दुसऱ्या कुणाचा हात बसेना. पंगतीत पाहुणा "साकु, साकु" म्हणजे पुरे पुरे म्हणायचा, तरी ही अर्धी भाकरी टाकायचीच. लग्नघरची माणसं मला मागायला आली की काशम्मा म्हणायची, काटवट न्यायची तर मलाबी न्या. दोघींनाही न्यायचे.

मग आम्ही सोलापुरात लेकाच्या घरी आलो. तिथं भाकऱ्या विकत येऊ लागल्या. काशम्माचे हात मांडीवर पडून राहिले आणि माझ्या पोटात कांदे-लसूण आले.

नातू अमरेश हॉटेलाचं शिकून आला. त्यानं विजापूर रोडला जागा घेतली. खुर्च्या दहाच. आधी नाव नोंदवायचं, तो देईल ते खायचं. नऊ पदार्थ, एकामागून एक, आणि प्रत्येकाआधी एक गोष्ट. गोष्ट हातभर, घास बोटभर. मला न्यायला आला तेव्हा म्हणाला, अव्वा, हॉटेलात तुझी काटवट पाहिजे. काशम्माला वाटलं, बोलावणं दोघींनाही आहे. तिनं पीठ मळायला म्हणून नखं कापून ठेवली. दीड महिना गेला. तोंडानं विचारणं तिच्या रक्तात नाही.

इकडे मला चकचकीत पॉलिश फासलं, काठाला भोक पाडलं आणि भिंतीवर टांगून वरून दिवा सोडला.

एका रविवारी दुपारी अमरेशनं तिला जेवायला आणलं. ठेवणीतलं इरकल नेसून आली. हातातल्या पिशवीत ताजं दळलेलं पीठ होतं. आत काळे पडदे, भरदुपारी टेबलावर दिवा, सगळे चिडीचूप. काव्या नावाच्या वाढणाऱ्या मुलीनं दोन्ही हातांनी ताटली आणून ठेवली. ताटलीत चिमूटभर हुरडा. काशम्मानं डोळे मिटले, हात जोडले आणि ताटली पुढं सरकवली. तिला तो निवद वाटला. आमच्या घरी निवद असाच असतो, बोटभर. आधी देवाला, मग माणसांना. पुढं शेंगाचटणीचा फेस आला, काळ्या गोट्यांवर कडक भाकरीची एक काडी आली. ही दरवेळी हात जोडते आणि ताटली सरकवते. काव्या बिचारी भरल्या ताटल्या मुकाट उचलून नेत होती.

पाचवी ताटली गेली तशी काशम्मा म्हणाली, "अमरेश, देवाचं वाढून झालं असंल तर आता माणसांचं वाढ की. लोकं कवाधरनं बसल्यात."

एक पाहुणा फिसकन हसला, मग सगळेच हसले. अमरेशचे कान लाल झाले. त्यानं वाकून तिला सांगितलं, हेच जेवण आहे. काशम्मानं सगळ्यांच्या ताटल्यांवरून नजर फिरवली आणि पिशवी घेऊन उठली.

"मग उतरव ती काटवट. तवा ठेव. दहा माणसांच्या भाकऱ्या आत्ता टाकते. आपल्या दारातनं माणसं उपाशी उठवतूस व्हय रं?"

"अव्वा, ती आता शोची आहे. पॉलिश पोटात जाईल."

तरी ती आली. तळवा माझ्या पोटात टेकवला. पन्नास वर्षांचा हात, पण सर्रकन घसरला. तिनं तळव्याचा वास घेतला, तो पदराला पुसला आणि पीठ घेऊन चालती झाली.

मला वाटलं, पोरगा मला खिळ्यावरून काढून तिच्यामागे धावेल. त्यानं सहावी ताटली आणायला सांगितली.

आता तो रोज माझ्याकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगतो. आजीला जेवण निवद वाटलं, आजी उपाशी उठली. लोक हसतात. एखादी बाई डोळे टिपते, मग माझा फोटो काढते. त्या भाकरीच्या काडीचं नाव त्यानं 'देवाचं झालं' असं ठेवलंय. आजी त्या दिवशी घरी जाऊन जेवली का, हे अजून एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही. काशम्मा परत आली नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून भिंतीवर चढवली म्हणजे ती जपली असं समजू नका. जिचा हात तिच्यावर फिरला, तिला आधी विचारा, तिच्या हाताला काम द्या. तेवढंही जमत नसेल तर मला फोडा आणि चुलीत घाला. दहा भाकऱ्या तरी भाजून निघतील.