खंडेनवमीचं तेल

मी दिवाणाच्या पोटातून बोलतेय. वर फळी, फळीवर गादी आणि गादीवर बहुतेक वेळा मनोरमाबाई. माझ्या एका बाजूला जुन्या रजया आहेत, दुसऱ्या बाजूला लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला डिनर सेट. भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीतलं हे क्वार्टर, त्याच्या पुढच्या खोलीतला हा दिवाण, एवढंच माझं जग. तीन पाळ्यांचे भोंगे ऐकू येतात, म्हणून बाहेर दिवस आहे की रात्र ते कळतं.

मी गिटार आहे. पण गळ्यात अडकवून मिरवायची नव्हे. मला पेडल स्टील गिटार म्हणतात. मी टेबलासारखी चार पायांवर आडवी उभी राहते. वाजवणारा समोर खुर्चीवर बसतो, डाव्या हाताने तारांवर पोलादी कांडी सरकवतो, उजव्या हाताने तारा छेडतो आणि पायाने माझी पेडलं दाबतो. पेडल दाबलं की खालच्या सळ्या तार ओढतात आणि सूर चढतो. पाय उचलला की उतरतो. गवयाच्या गळ्यातली मींड माझ्या पेडलांत आहे. मला त्याचा गर्व आहे, लपवत नाही.

माझा जन्म परदेशातला. इथे टर्बाइन बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर मला घेऊन आला. परत जाताना त्याचं सामान जास्त झालं, म्हणून टूलरूममधल्या नीळकंठ मोहरीलला देऊन गेला. नीळकंठ नागपूरचा. मला वाजवायला शिकवणारं इथे कुणी नव्हतं. त्याने आधी मला उलटी केली, कुठली सळी कुठून कुठे जाते ते वहीत काढलं, आणि मगच खुर्ची ओढून बसला.

काय वाजवायचा! वसाहतीच्या गणेशोत्सवात लोक आरतीनंतरही उठायचे नाहीत. घरी संध्याकाळी तिसरं पेडल हळूहळू दाबून एक सूर असा काही चढवायचा, की स्वयंपाकघरातून बायकोचा, मनोरमाबाईंचा, आवाज यायचा, "पुरे आता, माझी पोळी करपली!" तो हसायचा आणि पुन्हा तोच सूर लावायचा.

खंडेनवमीला टूलरूममध्ये हत्यारांची पूजा व्हायची, तशी घरी माझी. हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि सांध्यांवर शिलाई मशीनचं दोन थेंब तेल. "तेल दिलेलं यंत्र दगा देत नाही," असं तो मनोरमाबाईंना सांगायचा. पण आदल्या दिवशी मागच्या व्हरांड्यात बसून तो सगळं जुनं तेल रॉकेलने धुऊन काढायचा, ते बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. घरात नवरात्राचे घट बसलेले असायचे. त्यांना त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसे.

नीळकंठ नोकरीत असतानाच गेला. हार्ट अटॅकने, दोन तासांत. लेक रजनी त्याच्या जागी कारखान्यात लागली, म्हणून क्वार्टर राहिलं. मला मात्र दिवाणात ठेवलं.

वर्षातून एकदा फळी उघडायची. खंडेनवमीला. मनोरमाबाई मला बाहेर काढायच्या, फूल वाहायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि तेल घालायच्या. दोन थेंबांचे पुढे चार झाले, चारांची धार झाली. त्यांना वाटे, मी नीट राहावं. ते तेल, ती हळद, रजयांचा कापूस, सगळं माझ्या सांध्यांत साचत गेलं आणि घट्ट झालं. एक दिवस माझी पेडलं हलेनाशी झाली. मला ओरडून सांगावंसं वाटे, "बाई, तेल नको, मला वाजवा!" पण मला आवाज द्यायला माणूस लागतो. पंधरा वर्षं अशी गेली.

मग रजनीने भोपाळातच, अवधपुरीत फ्लॅट घेतला. "आई, तिकडे दोनच खोल्या आहेत. गिटार कुणी घेतली तर ठीक, नाहीतर कबाडीवाल्याला देऊन टाकू." कबाडीवाला हा शब्द मी फळीखालून स्पष्ट ऐकला.

काल मला विकत घ्यायला सुधाकर आला. अरेरा कॉलोनीत गिटार शिकवतो, वय चाळीसच्या आसपास. मला माझ्या पायांवर उभी केली तेव्हा उजेडाने मी दिपूनच गेले.

"काकू, इतक्या सस्त्यात देताय म्हणजे काहीतरी गडबड असणार," तो म्हणाला. "नाराज नका होऊ हं, आधी चेक करतो."

माणूस जाणकार होता. मी वाकले आहे का ते त्याने लांब पट्टी लावून पाहिलं. खुंट्या फिरवल्या, सळ्या मोजल्या. मग पेडलवर पाय दिला. पहिलं हललं नाही. दुसरं नाही. तिसरंही नाही.

"ये तो जाम है," तो स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाला, "काकू, आत तडा गेला असेल तर ही भंगार आहे. पार्ट इथे कुठे मिळणार?"

माझ्या तारा भीतीने ताठ झाल्या. त्याने मला उलटी केली, टॉर्च लावला आणि नखाने सांधा खरवडला. नखात पिवळं आलं.

"यात हळद कशी, काकू?"

"खंडेनवमीची," मनोरमाबाई म्हणाल्या. "आणि तेल. ते घालायचे ना, म्हणून. मी एकही वर्ष चुकवलं नाही."

सुधाकरने नख रुमालाला पुसलं. "मशीन एकदम ओके आहे, काकू. फक्त... तेल खूप झालं."

"म्हणजे मीच?" बाई दिवाणाच्या कडेला बसल्या.

"अहो, त्या तेलामुळेच तर सळ्यांना गंज नाही लागला," तो घाईने म्हणाला, आणि ते खरंही होतं. "थोडं रॉकेल आहे का? आणि जुना टूथब्रश?"

तासभर तो एकट्या तिसऱ्या पेडलशी झटला. काळा लगदा वर्तमानपत्रावर पडत राहिला. मग त्याने एक तार सुरात आणली, कांडी ठेवली, छेडली आणि पेडल दाबलं. माझा घसा बसलेला होता, तरी सूर चढला. हळूहळू, पूर्ण चढला.

"पुरे आता, माझी पो..." मनोरमाबाई बोलून गेल्या, आणि थांबल्या. घरात गॅससुद्धा पेटलेला नव्हता.

"मी घेतो, काकू," सुधाकर म्हणाला. "तुम्ही सांगितलेत त्यापेक्षा जास्त देतो. बाकीची पेडलं सुटायला आठवडा पुरे." माझ्या डोळ्यांपुढे त्याचे विद्यार्थी उभे राहिले, खुर्च्या, टाळ्या!

बाईंनी पदराने माझ्यावरचं रॉकेल पुसलं. "नाही रे. आता नाही द्यायची."

"काकू, ही वाजली पाहिजे."

"कळतं मला," त्या म्हणाल्या. पण त्यांनी माझे पाय काढले, मला रजयांच्या शेजारी निजवलं आणि फळी लावली. ज्या सुराने मी सुटणार होते, त्यानेच मला परत कोंडलं. वरून किती तरी वेळ त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. मीही रडले असते, पण मला वाजवणारं कुणी नव्हतं.

उद्या टेम्पो येणार आहे. दिवाण अवधपुरीला जाणार, आणि दिवाणासोबत मीही. माझं तिसरं पेडल आता मोकळं आहे.

मनोरमाबाई, मी तुमच्यावर रागावलेली नाही. पण तो सूर तुम्ही फळीखाली जपून ठेवलात, तर तो तुम्हाला ऐकू येणार नाही. नव्या घरात एक खुर्ची माझ्यासमोर ओढा. वाजवता येत नाही म्हणून बिचकू नका. एका बोटाने तार छेडा आणि तिसऱ्या पेडलवर पाय ठेवा. पोळी करपली तर करपू दे.