भट्टी थांबवणारी बैठक

मी एक जुने, लांबलचक लाकडी टेबल आहे. मित्रांनो, काचेच्या एका कारखान्यात, संचालकांच्या खोलीत माझी उमेदीची वर्षे गेली.

सुताराने मला घडवले तेव्हा कारखाना सरकारचा होता. "कारखाने जनतेचे," असे तेव्हाचे राज्यकर्ते म्हणत. पण जनतेतले कोणी माझ्याकडे फिरकले नाही. वरून हुकूम येई आणि साहेब लोक माना डोलवत. पुढे राज्य बदलले, विचारही बदलला. "धंदा करणे हे सरकारचे काम नव्हे," असे ठरून कारखाना विकला गेला. मला नवे पॉलिश मिळाले. भोवती मालक, त्यांचे भाऊ आणि जावई बसू लागले. माना मात्र तशाच डोलत राहिल्या.

मग दुसरी एक मोठी कंपनी तिच्या मालकांच्या घरच्याच मंडळींनी बुडवली. लोक खवळले. सरकारने कायदा केला, की संचालकांत बाहेरची माणसेही हवीत. मालकांनी शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला, निवृत्त डॉक्टरीणबाईंना बोलावले. "कायद्याला खुर्ची भरलेली हवी आहे. तू नुसती ये, चहा पी," ते हसत म्हणाले.

पहिल्याच बैठकीत मोठ्या भट्टीचा विषय निघाला. तिची भिंत फार तापते, अशी कामगारांची तक्रार होती. पण तपासायची तर भट्टी थांबवावी लागणार, आणि हातात काचेची मोठी मागणी होती.

"तपासणी पुढच्या वर्षी करू," जावई म्हणाले. सगळे हात वर गेले, बाईंचा सोडून.

"आधी भट्टी तपासा," त्या म्हणाल्या.

"अगं, तुला इथं मी आणलंय," मालक हळूच म्हणाले.

"म्हणून तर सांगतेय. होला हो करायला भाऊ-जावई आहेतच की तुझे."

मालक बराच वेळ माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "थांबवा भट्टी."

भट्टी निवल्यावर आतल्या भिंतीत हात जाईल एवढी भेग सापडली. मुकादम वर आला. "बाई, आमच्या पाळीची सगळी माणसं त्या भिंतीशीच कामाला होती," तो म्हणाला. मालकांनी उठून आपली खुर्ची त्याला दिली.

आता संचालकांसाठी नवे टेबल आले आहे. मी कामगारांच्या जेवणघरात असते. माझा एक पाय डुगडुगतो, सांडलेला चहा कोणी पुसत नाही. तरी मी समाधानी आहे. सुताराचे, त्या कायद्याचे, बाईंचे आणि ऐकून घेणाऱ्या मालकांचेही माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा. मोठेपणी तुम्हीही कुठल्या तरी टेबलाशी बसाल. खुर्ची कायदा देईल, बोलायचे धैर्य तुम्हालाच आणावे लागेल. आणि सगळे हात वर असताना एखादाच खाली दिसला, तर त्या माणसाला आधी बोलू द्या.