लाकोटचे दात आपोआप का पडले

मंत्राने दात पडतो हे पाहायला अख्खं गाव आंब्याखाली लोटलं होतं. मागच्यांनाही दिसावं म्हणून माझ्या आठ वर्षांच्या भाचीला, लाकोटला, उलट्या उखळावर बसवलं होतं. तिचा उजवा गाल टम्म फुगलेला.

आमच्याकडे गाल सुजला की दोष दाताचा. दातात पितराने अंडं घातलंय, असं ओचाया मांत्रिक म्हणतो. पितर अंडी घालतात हे शाळेत शिकवत नाहीत. आमचं शिक्षण तेवढं कच्चं राहिलं.

ओचायाने भोपळ्याचा खुळखुळा वाजवला. "हात लावणार नाही. पोरी, थुंक."

ती थुंकली. दात पडला. बायकांनी ललकाऱ्या दिल्या. तीन दिवसांतला हा तिसरा.

"अजून चार पाडतो. तोवर पोरीने अंगण सोडायचं नाही. सोडलं तर मेलीच."

माझी बहीण अडोच, लाकोटची आई, होकाराने मान हलवत होती. गाल रोज वाढत होता.

लसी टोचायला आलेली नर्स अबेर गर्दीतून पुढे आली. "बुवा, माझाही एक पाडा. चांगला घट्ट आहे."

"तुझं पितर शिकलेलं. ऐकायचं नाही."

"मग माझा घ्या," मी म्हणालो. "आमचे सगळे पितर अडाणी आहेत."

अर्धा तास खुळखुळा वाजला. पडली ती ओचायाची पिसांची टोपी.

अबेरने लाकोटच्या चौथ्या दाताला बोट लावलं. तो डुगडुगला. "अडोचताई, गालातल्या गाठीने जबड्याचं हाड पोखरलंय. उकडलेला मऊ कसाव्याचा कंद चावतानाही हे पडले असते."

"आत बसलंय कोण मग?"

"विषाणू. पेशीला वाढायचा निरोप बाहेरून येतो, दारावर घंटा वाजावी तसा. हा आत शिरून स्वतःच घंटा वाजवतो. दारात कोणी नाही, पेशी मात्र एकीच्या दोन होत राहते. सारखा मलेरिया होऊन शरीराचे पहारेकरी थकलेले. मग कधीतरी घंटेचं बटणच दाबलेलं अडकतं. ही कॅन्सरची गाठ दोन दिवसांत दुप्पट होते, ताई. चार दातांची वाट पाहिलीस तर पोर जाईल. आज शहरात ने, औषधाने विरघळते."

"अंगण सोडलं तर..." ओचायाने सुरुवात केली.

"अंगणात बसून गाल उतरला का, बुवा?" अडोचने लाकोटला उचलून माझ्या मोटारसायकलवर बसवलं. "भाऊ, हाण."

शहरात औषध सुरू झालं आणि आठवड्यात गाल उतरला. केस गेले, औषधं अजून काही महिने चालतील. पोर जिवंत आहे. मंत्र जरा उशिरा लागू पडला, असं ओचायाने जाहीर केलंय.

दात पाडणारा भेटला तर आधी घट्ट दात पाडून दाखवायला सांगा. पण घरात पोराचा गाल सुजला असेल तर तेवढीही गंमत बघत बसू नका. आधी दवाखाना गाठा.