उलट्या किल्लीचं कुलूप

दुकानाच्या नव्या बोर्डावर माझं नाव नाही, हे मला रंगाऱ्याकडून कळलं. दादाला विचारलं तर म्हणाला, तू लग्न केलंस, आडनाव बदललंस. दुकान उलटकिल्ल्यांचं आहे. उद्याचा वर्धापनदिन झाला की कामाचा बाकही रिकामा कर. वडील गेल्यापासून कुलपं मी करते आणि हा काउंटरवर बसून नाकाने कांदे सोलतो. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

वर उद्याचं भाषणही म्हणून दाखवलं. एकोणिसाव्या शतकात आमच्या खापरपणजोबांनी किल्ली उलटी फिरवली की उघडणारं कुलूप शोधून काढलं, चोर चक्रावले, लोक त्यांना उलटकिल्ले म्हणू लागले, तेच आडनाव झालं. ते पहिलं कुलूप अजून दुकानाच्या दाराला आहे. उद्या पाहुण्यांसमोर दादा ते उघडणार होता. घासूनपुसून देण्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

मी त्याचे भाग सुटे करून ते खोललं. आजवर कोणी खोललं नव्हतं. तेल सोडायचं आणि कौतुक करायचं, एवढंच. आतल्या पत्र्यावर कानशीचे ओरखडे होते. उजव्या हाताने कानस चालवली की ओरखडे एका बाजूला कलतात, डाव्या हाताने दुसऱ्या. हे डाव्या हाताचे होते. माझ्या कामावरही असेच उमटतात, आणि त्यावरून दादाने मला जन्मभर हिणवलंय.

मी काउंटरवरच्या फोटोकडे पाहिलं. खापरपणजोबा खुर्चीत बसलेले, डावी बाही रिकामी, टाचणीने वर दुमडलेली. दुकान काढण्याआधीच लढाईत हात गेला, ही आमच्या घरची शौर्यकथा. मागे खापरपणजी उभी, डावा हात खुर्चीच्या पाठीवर. सुरुवातीला दुकानात ही दोघंच, हेही त्याच कथेत. कानशीला दोन हात लागतात, हे आमच्याकडे पोरं दुधाचे दात पडायच्या आत शिकतात. तरी पिढ्यान्‌पिढ्या कुलूपवाले त्या फोटोखाली बसून कानस चालवत राहिले आणि एकालाही प्रश्न पडला नाही. मलाही नाही. त्याचाच जास्त राग आला.

दादाला बोलावून पत्रा हातात दिला. कानशीचं काम त्यालाही वडिलांनी शिकवलं होतं. सांगावं लागलं नाही. पत्र्याकडे तो बराच वेळ बघत राहिला, फोटोकडे जेमतेम.

"असेल," तो म्हणाला. "पण आडनाव त्यांचंच ना?"

"आडनाव कुलपावरून पडलं. कुलूप खापरपणजीने केलं."

बोर्ड रंगवून झालाय, सकाळी पाहुणे येतील, उगाच फाटे फोडू नकोस, जोडून दे, असं तो म्हणाला. मी साबण घेऊन हात धुतले.

"आडनाव तुझं आहे ना? तू जोड."

तो बाकावर बसला. पहिली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. ती काढायला तो लोळण घेऊन आत शिरला, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदाही उडाली. तिसऱ्यांदा तो जमिनीवरच बसून राहिला.

"बरं. टाकतो तिचं नाव बोर्डावर. काय होतं?"

मला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. फोटोखाली फक्त खापरपणजोबांचं नाव होतं, पूर्ण, सोनेरी अक्षरात. त्या फोटोखाली बसून गेलेल्या एकेकाचा मला संताप आला.

"मग माझं लिही," मी म्हणाले. "रंग वाळला की हाक मार, मग कुलूप जोडते."