पंधरा शर्टांचे आकडे

पंधरांपैकी आठ शर्टांच्या पाठीवर शिवायचे आकडे कापून झाले होते, तेव्हा शेजारची बसंती दारात आली. हातात दुधाचा पेला, त्यावर केळीच्या पानाचा तुकडा, अंगावर लग्नाकार्याची साडी.

"आयो, कुसुमावती! आज कात्री?"

"आज मंगळवार," मी म्हटलं. "नागपंचमी उद्या आहे."

"उद्या कुणाची? देवळात सकाळपासून पूजा चाललीय. मी दूध वाहायला निघालेय. महाराजांनी रविवारी सगळ्यांना सांगितलं की."

रविवारी मी देवळात नव्हते. कारखान्यातून शर्ट आणायला गेले होते. पण तेवढंच कारण नव्हतं. वत्सलावहिनी मुंबईला जाऊन आल्या होत्या, त्यांनी मला तिकडचं कॅलेंडर दिलं होतं. गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर देव. दरवर्षी मी देवळाचा साधा छापील कागद भिंतीला लावत असे, त्या वर्षी तो लावलाच नाही. अस्सल पंचांग घरात असताना बेटावरचं कशाला, असं वाटलं होतं.

मी कात्री खाली ठेवली. बोटं दुखत होती.

हे शर्ट बेसबॉलचे. आमचं बेट स्वतंत्र होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, आणि आमच्या व्हाकोआ गावात फुटबॉलवाचून दुसरं काही कुणाला ठाऊक नव्हतं. पोर लुईच्या बंदरात तैवानच्या मासेमारी बोटी लागत. त्यातल्या एका बोटीवरचा लिन नावाचा खलाशी इथलीच मुलगी करून राहिला आणि पोरांना हा खेळ शिकवू लागला. मग कॉलेजातल्या चंद्रमोहन मास्तरांनी संघ बांधला. माझा बलराम त्यात. आणि आता सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा आमच्याच देशात भरत होती. रेन्युनियाँ, मादागास्कर, सेशेल, आणि थेट तैवानहून संघ आले होते. बुधवारी सकाळी साडेसातला रोझ हिलच्या मैदानावर तपासणी. ज्याच्या पाठीवर यादीतला आकडा नाही, तो खेळणार नाही.

एका कपड्यांच्या कारखान्यानं टाकाऊ लाल शर्ट फुकट दिले. आकडे लावायचं काम मी घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच "मी करते" म्हणाले. बुधवारी नागपंचमी म्हणून मंगळवारीच सगळं उरकायचं, असा माझा हिशेब.

आमच्यात त्या दिवशी बाई चिरत नाही, कापत नाही, सुई धरत नाही. नांगराच्या फाळानं नागाची पिलं मेली आणि नागिणीनं घरच्या मुलांवर सूड घेतला, ही कथा माझ्या आजीनं सांगितली, तिला तिच्या आजीनं. लग्न झाल्यापासून अठरा वर्षं मी तो दिवस पाळला होता. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची.

मी डोक्यावर पदर घेतला आणि देवळात गेले. बाबूराव महाराज पाटावर हळदीनं काढलेल्या नागापाशी बसले होते. मी कॅलेंडरचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"त्यांचा सूर्य आधी उगवतो, बाई, आपला नंतर. सूर्य उगवताना जी तिथी, ती त्या गावाची. उद्या मुंबईत उजाडेल तेव्हा पंचमी असेल. आपल्याकडे उजाडेपर्यंत षष्ठी लागलेली असेल. आपली पंचमी आज."

"मी आठ आकडे कापले, महाराज."

"अजाणता झालं. ते देव धरत नाही."

"आणि सात उरलेत."

त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "आता तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाले.

घरी आले तर बलराम उरलेल्या शर्टांपाशी उभा. त्याला बसंतीनं सांगितलं होतं.

"आई, पेना सेर्पां! ह्या बेटावर नाग नाहीच. पणजोबा जहाजात बसले तेव्हा नाग तिकडेच राहिला कोकणात. त्याला तिकीट मिळालं नाही."

"थट्टा करू नकोस."

"मग माझा बारा नंबर कापलास का?"

"नाही. आठपर्यंतच."

त्यानं शर्ट उचलला, पाठीला लावून पाहिला, परत घडी करून ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी बसून राहिले. त्याचे वडील ऊसकापणीच्या हंगामात साखर कारखान्यातच राबायचे, घरी नुसते झोपायला यायचे. विचारायला कोणी नव्हतं. बाहेर व्हाकोआचा तो बारीक थंड पाऊस, कपडे तीन दिवस वाळत नाहीत असा.

दुपारी कुंपणापलीकडून मदाम रोझमेनं हाक मारली. ती दर रविवारी चर्चला जाणारी, हाताची चांगली.

"बलराम सांगून गेला मला. दे इकडे ते कापड, मी कापते. तुझा साप मला थोडाच ओळखतो?"

मी कापडाची गुंडाळी उचलली सुद्धा. कुंपणापर्यंत गेले. मग तिच्या पडवीत तिचा धाकटा दिसला, गुडघ्याला पट्टी बांधलेला, पेरू खात बसलेला. काम माझं, दिवस माझा, आणि कात्री तिच्या हातात द्यायची? उद्या ह्या पोराला काही झालं तर मी त्या कुंपणाशी कशी उभी राहू?

"नको, मदाम," मी म्हटलं. "होईल माझं."

"जशी तुझी मर्जी. तू फार हट्टी आहेस, ठाऊक आहे ना? आवाज एवढासा, हट्ट एवढा!"

मी हातपाय धुतले. देवापाशी दिवा लावला. मागायचं काय तेच सुचेना. म्हटलं, जे काही व्हायचं असेल ते आमच्याच घरात राहू दे, दुसऱ्याच्या मुलाला नको. म्हटलं आणि अंगावर काटा आला. आमच्या घरात बलरामशिवाय दुसरं मूल कुठं होतं? मी घाईनं म्हटलं, माझ्या हातावर येऊ दे, माझ्या डोळ्यांवर येऊ दे. पण पहिलं बोलणं बोलून झालं होतं. ते परत कसं घ्यायचं, मला माहीत नव्हतं.

नऊ कापला. दहा, अकरा. बाराच्या वेळी हात थांबला, मग तोही कापला. दिवेलागणीपर्यंत पंधराही शर्ट शिवून, इस्त्री करून टेबलावर ठेवले. बलराम आला, त्यानं वरचा शर्ट पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई…"

"जेव आणि झोप," मी म्हटलं. मला त्याचे आभार नको होते.

बुधवारी तपासणी झाली. कुणाचाच आकडा चुकला नाही. पहिला सामना तैवानशी. मला खेळ कळत नव्हता. मी फक्त बारा नंबर पाहत होते. तो लांब उभा होता, तिकडे चेंडू फारसा जात नव्हता, त्यामुळे जरा बरं वाटत होतं. तैवानची मुलं धावत होती, आमची पाहत होती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते दर थोड्या वेळानं "बोंज्ये! देवा रे!" म्हणून कपाळाला हात लावत. आकडे लिहायच्या फळ्यावर त्यांच्या बाजूला नऊ, आमच्या बाजूला भोपळा.

मग बलरामची लाकूड घेऊन उभं राहायची पाळी आली. चेंडू टाकणारा मुलगा त्याच्यापेक्षा ठेंगणा होता, पण हात फिरला की चेंडू दिसत नसे. पहिला बाजूनं गेला. दुसऱ्यावर बलरामनं लाकूड फिरवलं, हवेत. तिसरा चेंडू वळला आणि सरळ त्याच्या खांद्यावर बसला. तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. तो गुडघ्यांवर बसला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी पायऱ्या उतरले, दोरी ओलांडली आणि मैदानात गेले. वहाण एका पायात राहिली, दुसरी चिखलात. मी ओरडत होते, "माझं चुकलं, माझं चुकलं, त्याला नको!" माझा एवढा आवाज माझ्या लग्नातही कुणी ऐकला नव्हता.

सामना थांबला. पंच रेन्युनियाँचा, तो हात पसरून "मादाम! मादाम!" करत आडवा आला. चंद्रमोहन मास्तर धावत आले.

"काकी, काय हे! काही झालं नाही त्याला!"

"चेंडू लागला!"

"लागला म्हणूनच तर बरं झालं! नियम आहे. अंगाला लागला की धावायचा पहिला टप्पा, पहिला तळ, फुकट मिळतो. आज आमच्यातला पहिलाच माणूस तळावर जातोय, काकी, आणि तुम्ही…"

तेव्हा मला टाळ्या ऐकू आल्या. लोक खरंच टाळ्या वाजवत होते. बलराम उठला होता. खांदा चोळत माझ्याकडे बघत होता, लाल, शर्टाच्या रंगाचा.

"आई, जा ना," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "जा, जा इथून."

मी गेले. बसायला जागा करून देताना म्हाताऱ्यांनी चिखलातून आणलेली माझी वहाण पायाशी ठेवली. बलराम पहिल्या तळावर जाऊन उभा राहिला. पुढचे तिघे एकामागून एक बाद झाले. तो तिथंच उभा होता, तिथूनच परत आला. सामना चौदा-शून्यावर संपला.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. मागच्या बाकावरचा एक पोरगा माझा आवाज काढून "माझं चुकलं, माझं चुकलं" करत होता. मास्तरांनी त्याला दटावलं.

"उद्या येऊ नकोस," बलराम खिडकीकडे बघत म्हणाला.

"बरं."

"शनिवारीसुद्धा."

"बरं."

फिनिक्सचा थांबा मागं पडला. चढावर बस कण्हत होती. मला इतकं थकायला झालं होतं की डोळे मिटले असते तर व्हाकोआ कधी गेलं ते कळलं नसतं.

"तुझं काय चुकलं?" त्यानं एकदम विचारलं.

देवापुढं जे तोंडून निघालं होतं, ते ह्या पोराला कसं सांगू?

"खांदा दाखव," मी म्हटलं.

"नको."

थोड्या वेळानं त्यानं आपणच गळपट्टी बाजूला केली. खांदा सुजला होता. सुजेवर लाल ठिपक्यांच्या दोन ओळी उमटल्या होत्या, बारीक, सारख्या अंतरावर. मी बोट टेकवलं तसा तो आक्रसला.

"चेंडूची शिवण आहे ती," तो म्हणाला. "चामड्याचा असतो ना. हातानं शिवतात. लिन म्हणतो, एकेकाला शंभराहून जास्त टाके."

मी वाकून पाहिलं. टाका सरळ होता, कुठं ओढला गेला नव्हता.

"घरी गेल्यावर हळद गरम करून लावते," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला, आणि गळपट्टी तशीच राहू दिली.