एकाच पत्त्यावरचे

एंटरच्या कळीवर रक्ताचा ठिपका वाळत चालला होता आणि तो त्याच्याकडे बघत बसला होता – आपलंच रक्त, तरी पुसावंसं वाटेना. तर्जनीचं नख मुळापासून काळंनिळं. सकाळी दादाने टेबलाचा खण त्या बोटावर बंद केला, मग उघडून पुन्हा बंद केला, आणि शांतपणे म्हणाला, "आता कर माझं तोंड बंद." नंतर वहिनीने बोट थंड पाण्याखाली धरलं होतं. बाह्या भिजल्या, तरी तिने त्या वर सारल्या नाहीत.

दादाचं तोंड त्याने बंद केलं होतं खरं. नेटवरच्या एका गप्पांच्या खोलीचा मालक तो. दाराशी एक बॉट, आपोआप चालणारा प्रोग्राम, बसतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बोलू द्यायचं, हे मालकाने सांगायचं आणि बॉटने मुकाट ऐकायचं. आख्ख्या जगात त्याचं ऐकणारा तेवढाच एक. तिथे पारवा या नावाने कुणी बाई लिहायची – नवरा मारतो, वळ झाकतात पण झोप येत नाही... 'भाला' नाव घेतलेला दादा तिला घाणेरडं बोलत सुटला, म्हणून त्याने दादाचा बोलण्याचा हक्क काढला. एवढंच.

आता एवढंच पुरणार नव्हतं. दादाचं डोकं त्याच खणात घालावं, खण ढकलत राहावं, हाड मऊ पडेपर्यंत... ते जमणार नाही, हे जमेल. नावावर बंदी घातली तर दादा उद्या दुसरं नाव घेऊन हजर. लाज कधीच कोळून प्यालेला. त्यापेक्षा ज्या इंटरनेटच्या जोडणीवरून तो येतो तिचा पत्ताच बाद – कायमचा, आणि त्यावरून जो कुणी आत असेल तो बाहेर. ठणकणाऱ्या बोटानेच त्याने कळ दाबली.

बॉटने मुकाट ऐकलं. या पत्त्यावरून आलेले बाहेर काढले: भाला. रखवालदार. पारवा.

रखवालदार म्हणजे तो स्वतः. घरात जोडणी एकच, हे रागात सुचलंच नाही – स्वतःच्याच पायावर धोंडा. हसू येणार होतं, तेवढ्यात तिसरं नाव नीट वाचलं. भिजलेल्या बाह्या...

तीच यादी दादाच्या पडद्यावरही उमटली होती. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. "पारवा कोण रे?" दादाने विचारलं. उत्तराची त्याला गरज नव्हती. घरात माणसं किती, हे त्यालाही ठाऊक होतं.

पावलं. आता उठायला हवं, खण उपसून त्याच्या टाळक्यात घालायला हवा, सकाळपासून मनात किती वेळा घातला... पावलं दाराशी आली, थांबली. बोट आपोआप मुठीत दडलं. मग ती पुढे गेली, स्वयंपाकघराकडे, आणि मला – मला हायसं वाटलं.

आत काच फुटली. वहिनीचा आवाज आला नाही.

कुणाला तरी ठार मारावं, असं त्याला अजूनही वाटत होतं, सकाळपेक्षा जास्त. फक्त तो माणूस आता भिंतीपलीकडे नव्हता. इथेच, या खुर्चीत, मूठ आवळून बसला होता.